वळूचे देवक कोण पाहणार?

(आखाडा बाळापूर येथील बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज आम्ही डुकरांपासून सुरुवात करणार आहोत असे म्हणालो, तेव्हा मागच्या बाजूला हसू आले. आले तर येऊ द्या. कापूस-ज्वारीच्या मुलखात डुक्कर म्हटले की एका रात्रीत उभी ज्वारी आडवी करून जाणारे रानडुक्करच डोळ्यांपुढे येते. पाळलेले डुक्कर इथे बसलेल्यांपैकी फार थोड्यांच्या दारात असेल. तरीही डुकरांपासून सुरुवात करायची आहे. तुमच्या गोठ्यात जे घडते आणि ज्याची वाच्यता तुम्ही करीत नाही, त्याचे उत्तर शोधताना जगात डुकरांचा फार उपयोग झाला.

कशाची वाच्यता करीत नाही, ते आधी सांगतो. या भागातल्या गावांतून बैठकांसाठी फिरताना एका घरी चहाला थांबलो होतो. गोठ्यात चांगली लाल कंधारी जनावरे. वासरू कुठे दिसेना म्हणून सहज विचारले. घरधनी गप्प. बऱ्याच वेळाने म्हणाला, ‘‘झालं होतं. शेणाची जागाच नव्हती. चार दिवसांनी गेलं.’’ मग त्याने हळूच सांगितले की दोन वर्षांतले हे तिसरे. तिन्ही रात्रीच पुरली. घरातल्या म्हातारीचे म्हणणे, ग्रहणात गाभण गाईच्या पोटाला सुनेने गेरू लावला नाही. सून बिचारी खाली मान घालून उभी. निघताना शेजारचा माणूस वेशीपर्यंत सोबत आला आणि तिथे उभा राहून म्हणाला, आमच्याकडेही एक तसेच झाले होते, पण कुणाला बोललो नाही.

दोघांच्या गाई एकाच वळूकडे जात होत्या. पण ही गोष्ट दोघांनाही ठाऊक नव्हती, कारण दोघे एकमेकांशी त्याबद्दल बोललेच नव्हते.

आता डुकराकडे येऊ. 1933 साली अमेरिकेतल्या टेक्सास प्रांताच्या शेती संशोधन केंद्रात फ्रेड हेल नावाचा संशोधक काम करीत होता. त्याच्याकडची एक डुकरीण व्याली आणि अकरा पिल्ले झाली. अकराच्या अकरा पिल्लांना डोळ्यांची बुबुळेच काय, डोळ्याचा गोळाच नव्हता. नुसत्या खाचा. आपल्याकडे असे झाले असते तर कोणी शाप म्हटले असते, कोणी करणी. तिकडचे शहाणे लोक म्हणाले असते, नराचे रक्त वाईट. अकरापैकी अकरा म्हणजे वारसा नाही तर काय?

हेलने तसे मानले नाही. डुकरिणीला आपण काय खाऊ घालत होतो ते त्याला माहीत होते. तिला गाभण राहण्याच्या आधीपासून ‘अ’ जीवनसत्त्व नसलेला खुराक दिलेला होता. त्याने पुढे त्याच आंधळ्या पिल्लांना चांगला खुराक देऊन वाढवले, त्यांच्यापासून संतती घेतली. ती पिल्ले डोळस निघाली. आईबाप दोन्ही जन्मांध आणि पोरे धडधाकट. म्हणजे दोष रक्तात नव्हता, दावणीत होता.

ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याने नीट ऐकून ठेवावी. हे ‘अ’ जीवनसत्त्व जनावराच्या अंगात हिरव्या चाऱ्यातून तयार होते. कडबा पोट भरतो, पण उन्हात वाळून पांढरा पडलेल्या कडब्यात ते जवळजवळ उरत नाही. जनावराच्या काळजात त्याचा साठा असतो, तो काही महिने पुरतो. पाऊस बरा झाला, बांधावर गवत आले, तर साठा पुन्हा भरतो. पण पावसाने दगा दिला आणि दिवाळीपासून आखाडापर्यंत नुसता जुना कडबा आणि पाणी, असे झाले की गाभण गाईचा साठा संपतो. मग वासरू आंधळे, अशक्त किंवा मेलेले येते, नाही तर गाय झार अडकवून बसते. 1972 पाहिलेली माणसे इथे आहेत. 2012 च्या आणि 2015 च्या दुष्काळात छावणीत जनावरे बांधलेली माणसे तर बरीच आहेत. आठवून पाहा, त्यानंतरच्या वेताला काय काय झाले.

याला औषध फार महागडे नाही. विहिरीच्या सांडपाण्यावर चार ओळी शेवरीच्या लावा, लसूणघासाचा एखादा वाफा करा, नाही तर रोज दोन पेंढ्या हिरवा पाला गाभण जनावरापुढे पडेल एवढे बघा. ज्याच्याकडे तेवढेही पाणी नाही त्याने जनावरांच्या डॉक्टरकडून ‘अ’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन करून घ्यावे. कडब्याची गंजी उघड्यावर तापवू नका, एवढे तर फुकट आहे.

पण शेण्याची जागा बंद असलेले वासरू दुष्काळात आले नव्हते. ते बऱ्या वर्षातले. तिथे हेलची डुकरीण उपयोगी पडत नाही. दुसरे डुक्कर लागते.

डुकरांत हे दोष नवे नाहीत. गुदद्वार नसणे, बेंबीत किंवा वृषणाच्या पिशवीत आतडे उतरणे म्हणजे अंतर्गळ, एक वृषण पोटातच राहणे, मागचे पाय फाकून पडलेले पिल्लू, हे सगळे जगभर जिथे डुकरे पाळतात तिथे दिसते. आणि तिथे ते मोजता येते. डुकरीण 114 दिवसांत विते, तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असा हिशेब तिकडचे शेतकरी तोंडपाठ ठेवतात. एका वेताला आठ-दहा पिल्ले. एका नराची शेकडो पिल्ले एका वर्षात डोळ्यांपुढे येतात. आपली गाय नऊ महिन्यांनी एक वासरू देणार, तेही दरवर्षी देईल याची खात्री नाही. म्हणून गाईत जे कळायला दहा वर्षे लागतील ते डुकरांत दोन वर्षांत कळते. मोजल्यावर असे दिसले की हे दोष काही नरांच्या संततीत जास्त येतात, काहींच्या कमी. म्हणजे त्यात वारशाचा वाटा आहे. काही दोष एकाच जनुकाने येतात. अंतर्गळासारखे काही दोष अनेक जनुके आणि बाहेरची परिस्थिती मिळून येतात.

जनुक हा शब्द 2002 साली बीटी कापूस आल्यापासून तुम्हाला नवा राहिलेला नाही. बियाण्यात लिहिलेला हुकूम म्हणजे जनुक. प्रत्येक हुकमाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. एक प्रत फाटली तरी दुसरीवर काम चालते. जनावर बाहेरून धडधाकट दिसते, पण फाटकी प्रत पोटात बाळगून असते. अशा जनावराला वाहक म्हणतात. दोन वाहक एकत्र आले आणि वासराला दोन्हीकडून फाटकीच प्रत मिळाली, की हुकूम वाचताच येत नाही. मग वासरू अपुरे जन्मते. दोन वाहकांच्या चार वासरांत सरासरी एक असे.

हायब्रीड ज्वारीचे उदाहरण घ्या. सीएसएच-1 हे वाण 1964 साली आले. ज्यांनी पहिल्या वर्षी कणसे पाहिली आणि बियाण्याचे पैसे वाचवायला त्यातलेच दाणे पुढच्या वर्षी पेरले, त्यांच्या रानात काय झाले? एक ताट उंच, एक बुटके. पहिल्या पिढीत जे झाकलेले होते ते दुसऱ्या पिढीत उघडे पडले. जनावरात तेच होते, फक्त पेरणी ते काढणी चार महिन्यांऐवजी चार वर्षांची असते.

आता त्या वळूचा हिशेब मांडू. समजा गावात वाहक वळू आणला आणि गाई सगळ्या निर्दोष आहेत. पहिली तीन-चार वर्षे एकही वासरू वाईट येणार नाही. लोक वळूचे कौतुक करतील, पोळ्याला झूल घालतील. पण त्याच्या निम्म्या कालवडी वाहक झालेल्या आहेत. चौथ्या-पाचव्या वर्षी त्या माजावर येतात आणि गावात वळू कोणता? तोच. बापाकडेच लेकी गेल्या. त्यांच्या आठ वासरांमागे सरासरी एक दोषाचे निघते. मग लोक म्हणतात, वळू आधी चांगला होता, आता बिघडला, कोणाची तरी नजर लागली. वळू पहिल्या दिवसापासून तसाच आहे. आपण त्याला जास्त दिवस ठेवला.

आपण माणसांची सोयरीक करताना किती चौकशी करतो! देवक विचारतो, गोत पाहतो, चार गावांत फिरतो. मामाची पोरगी हक्काची म्हणतो हे खरे, पण तो वाद दुसऱ्या सभेत घालू. निदान बाप-लेक, भाऊ-बहीण एवढे तरी टाळतो. आणि तीच माणसे गोठ्यात बापाला लेक दाखवतात, कारण दुसरा वळू दहा मैलांवर आहे आणि कालवड आज माजावर आहे. आम्ही दोष देत नाही. अडचण खरी आहे. पण किंमत कोण मोजतो ते पाहा. नऊ महिने गाय सांभाळली, वासरू गेले, गाय पान्हा चोरते, दूध गेले. बैल व्हायचा गोऱ्हा गेला, तो बाजारात आणायला गेलो तर काय भाव पडतो ते इथे सांगायची गरज नाही.

कुणी म्हणेल, गावठी वळू सोडा, सरकारी रेतन करा, सगळे ठीक होईल. थोडे थांबा. अमेरिकेत 1962 साली जन्मलेला एक होल्स्टीन वळू होता, पॉनी फार्म आर्लिंडा चीफ. दूध देणाऱ्या गाईंचा फार नामांकित बाप. त्याच्या 16,000 लेकी आणि पाच लाख नाती मोजल्या गेल्या. त्याच्या पोटात एक फाटकी प्रत होती, तिचा पत्ता बरीच वर्षे लागला नाही. दोन फाटक्या प्रती मिळालेले वासरू जन्माला येतच नाही, पोटातच मरते. शेतकऱ्याला एवढेच दिसते की गाईने गाभ टाकला, गाय उलटली. तो डॉक्टर बदलतो, खुराक बदलतो. 2016 साली संशोधकांनी तो नेमका दोष शोधला आणि हिशेब मांडला: जगभरात सुमारे पाच लाख गाभ गेले, नुकसान 42 कोटी डॉलर. त्याच वळूच्या वंशामुळे वाढलेल्या दुधाची किंमत त्यांनी 3,000 कोटी डॉलर काढली. म्हणजे वळू वाईट होता असे म्हणता येत नाही. तो कुणाला दाखवायचा आणि कुणाला नाही, हे माहीत नव्हते, एवढेच. आणि नफा देशाच्या दुधात गेला तरी ज्याची गाय उलटली त्याचे नुकसान त्याच्याच घरात राहिले.

डुकरांत याहून नमुनेदार गोष्ट झाली. युरोपात बिनचरबीच्या मांसाला भाव चढला, तेव्हा भरलेल्या मांड्यांची डुकरे निवडून वाढवली गेली. थोड्याच काळात असे दिसले की ही डुकरे गाडीत चढवताना, उन्हात, गर्दीत पटापट मरतात. अंग ताठ होते, ताप चढतो आणि खेळ खलास. 1974 च्या सुमारास हॉलंडमध्ये पिल्लांना हॅलोथेन ही भूल हुंगवून परीक्षा काढली गेली. ज्याचे पाय ताठले ते दोषी. पण त्यात वाहक सापडत नव्हते. 1991 साली कॅनडात तो जनुक सापडला आणि रक्ताच्या थेंबावरून वाहकही ओळखता येऊ लागले. ज्या फाटक्या प्रतीने मरण येत होते तीच भरलेली मांडीही देत होती, म्हणून बाजारानेच ती वर्षानुवर्षे निवडून वाढवली होती. बाजारात डौलदार दिसणारा गोऱ्हा पाहून जीभ सुटते तेव्हा हे लक्षात असू द्यावे.

आपल्या देशातही ही भानगड आली आहे. ऑसबॉर्नडेल आयव्हानहो नावाच्या होल्स्टीन वळूच्या वंशातून एक दोष जगभर गेला. त्याचे वासरू दिसायला ठीक असते, पण पांढऱ्या पेशी रोगाशी लढायला पोचत नाहीत. हगवण, फुफ्फुसाचा दाह, हिरड्या सुजणे, असे करत लहानपणीच जाते. शेतकरी म्हणतो, वासरू कमजोर होते. हा जनुक 1990 नंतर ओळखता आला. पुढे भारतातल्या होल्स्टीन आणि संकरित वळूंतही वाहक सापडले आणि आता गोठवलेले वीर्य तयार करणाऱ्या केंद्रांच्या निकषांत अशा काही ठरावीक दोषांची तपासणी घातलेली आहे. ही चांगली गोष्ट आहे. पण तपासणी ज्या दोषांचा जनुक सापडला आहे त्यांचीच होते. लाल कंधारी किंवा देवणीच्या गावठी वळूत काय दडले आहे ते कोणत्याच प्रयोगशाळेच्या कागदावर लिहिलेले नाही. ते फक्त तुमच्या गोठ्यात कळते, आणि तुम्ही ते रात्री पुरून टाकता.

मग ओळखायचे कसे, दोष दावणीचा की रक्ताचा? दुष्काळी वर्षात, वेगवेगळ्या वळूंच्या गाईंना, एकाच तऱ्हेचा चारा खाणाऱ्या दोन-चार गोठ्यांत दोष आला आणि पुढच्या बऱ्या वर्षी थांबला, तर बोट दावणीकडे दाखवा. बऱ्या वर्षातही येतो, तोच तो दोष येतो, आणि वासरांचा बाप किंवा आजा एकच निघतो, तर रक्ताकडे. एखादे वासरू कधी तरी आले आणि पुन्हा तसे काही झाले नाही, तर तो अपघात धरा आणि उगाच गाय विकू नका. पाच पायांचा नंदी दारावर आला की आपण धान्य घालतो, पाया पडतो. अमेरिकेतल्या ॲंगस जातीत जादा पायाचा एक प्रकार वारशाने येतो असे सिद्ध झाले आहे. नंदीला धान्य जरूर घाला. पण तसला गोऱ्हा आपल्या गाईंवर सोडू नका.

काही गोष्टी जन्मजात असून वारशाच्या नसतात. जुळ्यात गोऱ्ह्याबरोबर जन्मलेली कालवड बहुतेक वेळा वांझ निघते, कारण पोटात दोघांचे रक्त एकमेकांत मिसळते आणि तिची गर्भाशयाची वाढ बिघडते. तिच्या आईचा किंवा वळूचा यात दोष नाही. पण अशी कालवड तीन वर्षे पोसून मग डॉक्टरला दाखवणारे लोक आम्ही पाहिले आहेत. आधी दाखवा. शेळीचे वेगळे आहे. शेळीला जुळे झाले तर घाबरू नका, उस्मानाबादी तर त्यासाठीच नावाजलेली. पण युरोपातल्या सानेनसारख्या शेळ्यांत असे सापडले की बिनशिंगी बोकड बिनशिंगी शेळीला दाखवला तर काही पाठी ना नर ना मादी अशा निघतात. शिंगे न येण्याचा आणि या दोषाचा जनुक एकच. तिकडचे शेळीपालक म्हणून शिंगांचाच बोकड ठेवतात. आपल्याला त्यात काही खर्च नाही.

ज्या गोऱ्ह्याला गुदद्वार नव्हते आणि डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून वाचवला, ज्याची बेंबी उतरलेली आहे, ज्याचे एक वृषण खाली आलेले नाही, त्याला वाचवा, जगवा, औताला जुंपा. पण त्याचा वळू करू नका. खच्ची करा, तेही डॉक्टरकडून आणि भूल देऊन. ज्याचे वृषण पोटात अडकले आहे त्याला बाहेरून चिमटा लावून काम होत नाही, आतले शाबूत राहते आणि तो माजावरच्या गाईमागे धावतच राहतो. 2015 च्या मार्चपासून राज्यात बैल आणि वळू यांच्याही कत्तलीवर बंदी आली, त्यामुळे नको असलेला वळू बाजारात कुणी घेत नाही आणि तो गावात मोकाट फिरत गाई फळवतो. कायदा करणाऱ्यांनी त्याच्या वैरणीचा विचार केला नाही तो नाहीच, त्याच्या संततीचाही केला नाही.

आता प्रत्यक्ष काय करायचे. एका गावात एक वळू तीन वर्षांवर ठेवायचा नाही. त्याच्या लेकी माजावर यायच्या आत त्याची दुसऱ्या गावाशी अदलाबदल करायची. जात बदलायची नाही, लाल कंधारीला लाल कंधारीच, पण दुसऱ्या वंशाचा. माळेगावच्या यात्रेत वळू घ्यायला जाल तेव्हा शिंगे आणि रंग बघता तसे त्याची आई कोणाच्या गोठ्यातली, बाप कोणता, आधीची भावंडे कशी होती, हेही विचारा. अदलाबदल करताना सांसर्गिक गर्भपाताची तपासणी केल्याशिवाय दुसऱ्याचा वळू गावात घेऊ नका, नाही तर एक दुखणे घालवून दुसरे आणाल. रेतन करून घेत असाल तर कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. तो नंबर आणि गाईच्या कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक घरच्या वहीत उतरवा. रेतन करणारा घाईत असला तर त्याला चहा पाजून थांबवा, पण नंबर घ्या. पैसे तुम्ही दिले आहेत.

आणि दोषाचे वासरू आले तर पुरण्याआधी जनावरांच्या डॉक्टरला दाखवा. परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथपर्यंत निदान फोटो तरी जाऊ द्या. लाजायचे काय त्यात? बोंडअळी आली तेव्हा शेजाऱ्याला सांगितले, तशीच ही गोष्ट.

आम्ही एक वही आणली आहे. तिच्यात रकाने पाडले आहेत: गाव, कोणती गाय, कोणता वळू, वासराला काय झाले, त्या साली चारा कोणता होता. नाव लिहायचे नसेल तर लिहू नका, गाव आणि वळू तेवढे लिहा. मघाशी ज्या दोन शेजाऱ्यांची गोष्ट सांगितली त्यांच्या नोंदी पहिल्या दोन ओळींत आहेत. वही त्या टेबलावर, पाण्याच्या माठाजवळ ठेवली आहे. चहा येतोय, तोवर ज्यांच्याकडे काही झाले असेल त्यांनी उठावे.